काचपेटीतला खेकडा
शेवाळलेल्या पाण्याचा वास आला की मला लातूरचं ते दुष्काळी साल आठवतं. जिल्हा नवा झाला होता, बाबांना तिथं कारकुनी मिळाली आणि आम्ही एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो. जात कळताच मालकिणीनं आडाला हात लावायचा नाही असं बजावलं. आमच्या घागरीत ती वरून पाणी ओतायची. त्याच आडाच्या पाण्यात, तिच्या बैठकीतल्या काचपेटीत, तांबडे मासे पोहायचे. एकदा तिला त्यांच्यात शोभेला खेकडा हवासा वाटला. बाबांनी मांजरा नदीच्या आटत चाललेल्या डोहातून एक धरून आणला. "लई चावतंय म्हणं, तुमीच सोडा," ती म्हणाली, आणि बाबांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तेव्हा काहीच बाटलं नाही. सकाळी पाहिलं तर खेकड्यानं दोन मासे फाडून खाल्लेले. "ह्यांचा हात पाण्याला लागला, तवाच मला कळलं व्हतं," म्हणत तिनं पेटीतलं सगळं पाणी गटारीत ओतलं. आई रिकामी घागर घेऊन तिथंच उभी होती. आता माझ्या घरीही काचपेटी आहे. काही काम नसलं तरी मी रोज तिच्यात कोपरापर्यंत हात घालते. मासे बिचकतात. बिचकू देत.