साठ दिवस मागची प्रत

लाल ओळ आली की सगळेच धावतात. ताई धावते ती पिवळ्या ओळीला. लाल म्हणजे बिघडलं. पिवळी म्हणजे चालतंय, पण काहीतरी बरोबर नाही. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या नोंदी सांभाळणं हे तिचं काम, आणि घरीही तिची तीच तऱ्हा. नळ जरा वेगळा वाजला तरी हिचे कान टवकारणार. "तुला बघायला येणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागेल," असं मी चिडवायचो, आणि आई हसू दाबत मलाच रागवायची.

मी त्याच हॉस्पिटलात वायरमन. आई तिथेच गेली, बारा नंबरच्या खाटेवर, दोन महिन्यांपूर्वी. ताई दोन घास खायला कँटीनमध्ये उतरली होती, तेवढ्यात. तेव्हापासून ती पोटभर जेवलेली मी पाहिली नाही.

त्या सकाळी मी सर्व्हरच्या खोलीत जळलेली वायर बदलत होतो, म्हणून एक मशीन बंद होतं. वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. बारा नंबरला ऑपरेशन झालेली कॉलेजातली मुलगी होती, पण स्क्रीनवर मधूनच एक आजीबाई दिसत होत्या. पुन्हा उघडलं की मुलगी. "अहो, अंगावर काटा येतो," सिस्टर म्हणाल्या.

ताई खुर्ची ओढून बसली. नोंदींच्या तीन प्रती तीन मशीनवर असतात, हे तिनंच मला कधीतरी समजावलं होतं. दोन मशीन बरोबरीनं चालतात. तिसरं मुद्दाम एक दिवस मागे ठेवतात, कुणी चुकून काही पुसलं तर कालचं तरी हाताशी असावं म्हणून. ते वॉर्डापासून लपवायचं असतं. आईच्या आजारपणात ताई रजेवर असताना बदली माणसानं ते बसवलं होतं आणि कटकट नको म्हणून त्याचे इशारे बंद करून ठेवले होते. ताईनं ते सुरू केले. पिवळी ओळ आली: ही प्रत मागे आहे, पण लपवलेली नाही. आज एक मशीन बंद, म्हणून त्याच्या वाटच्या निम्म्या नोंदी वॉर्डाला या प्रतीतून दिसत होत्या.

"एक दिवस मागे ना? मग आजीबाई कुठून आल्या?" मी विचारलं.

ताईनं सेटिंग उघडलं. "शहाण्यानं दिवसाचे सेकंद मोजून टाकलेत. इथं मिनिटं लागतात. एका दिवसाचे साठ झाले."

मग तिनं त्या मशीनवर बारा नंबरची खाट उघडली. आईचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: दाखल.

खोलीत थंडी नेहमीचीच होती, पण माझ्या हातातली पक्कड गार पडली. बघता बघता खाली एक ओळ उमटली. ताप उतरला. थोड्या वेळानं दुसरी. पाणी मागितले, दोन चमचे दिले. त्या मशीनच्या लेखी आज तोच दिवस होता आणि आई वरच्या मजल्यावर पाणी पीत होती. मला वर धावत जाऊन बघावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, दारापर्यंत गेलोही होतो.

"ताई, बदल ते सेटिंग."

"बदलते. जरा थांब."

पिवळी ओळ दिसत असताना 'थांब' म्हणणारी ताई मी जन्मात पाहिली नव्हती. माझं डोकं तापलं. "त्या मुलीला आईचं औषध गेलं म्हणजे?"

"औषध कागदावर बघून देतात. स्क्रीनवर नाही देत." तिची नजर हलली नाही. मूळ प्रतीत आईचं सगळं होतंच, अगदी शेवटपर्यंत. पण तिथं ते होऊन गेलेलं होतं. इथं अजून व्हायचं होतं.

पुढची ओळ आली. पेशंटची मुलगी जेवायला खाली गेली.

"जाऊ नकोस," ताई म्हणाली. मोठ्यानं, त्या स्क्रीनला. "अगं, जाऊ नकोस ना!"

आणि फोन वाजला. सिस्टर घाईत होत्या. "डॉक्टर राउंडला आहेत, कागद त्यांच्याकडे. स्क्रीनवर बाराला इन्सुलिन दाखवतंय. भरलंय मी, देऊ ना?"

"नाही! देऊ नका!" ताई किंचाळली. "हात मागे घ्या आधी. ती वेगळी बाई आहे." फोन खांद्यात दाबून तिनं आकडा बदलला, प्रत लपवली आणि बटण दाबलं.

मशीनचा पंखा घोंगावायला लागला. साठ दिवसांच्या ओळी धो धो खाली पळाल्या. ताई खिडकीकडे तोंड करून सिस्टरांकडून मुलीचं नाव, वय, औषध पुन्हा पुन्हा वदवून घेत होती. मी मात्र स्क्रीनसमोरून हललो नाही. पंखा शांत झाला तेव्हा बारा नंबरला ती मुलगी होती.

ताईनं फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं.

"आजही नव्हते रे मी तिच्याजवळ," ती म्हणाली. "तेव्हा जेवत होते. आज फोनवर."

"मी होतो," मी म्हणालो. "बघत होतो."

"काय लिहिलं होतं शेवटी?"

"शांत झोप लागली, असं."

ओळी इतक्या वेगानं गेल्या होत्या की मला एकही वाचता आली नव्हती. मूळ प्रत तिच्या समोर होती, हवं तर लगेच उघडता आली असती. ताईनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, स्क्रीन बंद केला आणि म्हणाली, "चल, जेवून घेऊ."