पडली नाही, ओढली

"पुल्ड एल्बो आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "कोपरातलं हाड जागेवरून थोडं सरकलंय. घाबरू नका, लगेच बसतं." मग ओवीच्या पोटाशी धरलेल्या हातावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात कोणी ओढला?"

"पडली," मी म्हणाले. "पलंगावरून."

माझा नवरा निलेश माझ्या मागेच, दाराला टेकून उभा होता.

"पडून सहसा असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "लहान मुलाला मनगटाला धरून झटका दिला की होतं."

ओवी तेव्हा अडीच वर्षांची होती. दुखापत अगदी किरकोळ. पण मॅडमच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला माझी जीभ उचलत नव्हती. अशाच एखाद्या डॉक्टरसमोर कधी तुम्हीही बसलेल्या असाल, म्हणून हे लिहितेय.

आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो. निलेश बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्नानंतर वर्षभरातच तो मला मारायला लागला होता. पाठीवर, दंडावर, कपड्याखाली झाकलं जाईल असं. ओवीवर मात्र त्याने कधी हात उगारला नव्हता, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी संसार रेटत होते.

त्या आठवड्यात शनिवारी त्याने माझा फोन भिंतीवर फेकून फोडला. रविवारी दुपारी तो झोपला असताना मी बॅग भरली. मौद्याला आईकडे चार दिवस जाऊन यायचं, एवढंच मनात होतं. ओवीला कडेवर घेऊन चपला घालत होते, तेवढ्यात तो उठला.

"कुठं चालली?"

"मौद्याले. चार दिवसांनी येतो."

त्याने बॅगेला लाथ मारली. चेन फाटली, ओवीचे फ्रॉक कूलरखालच्या पाण्यात पडले. माझे केस धरून त्याने माझं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा, मग परत. डोळ्यांसमोर अंधारी आली तरी मी ओवीला सोडलं नाही. ती माझ्या गळ्याला मिठी मारून होती.

"पोरगी माझी आहे. तुले जायचं तर जाय," म्हणत त्याने तिचं डावं मनगट पकडलं आणि हिसका दिला.

टक् असा आवाज आला. शेंग मोडल्यासारखा, बारीक. मग ओवी जी किंचाळली, तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने हात सोडला.

रक्त नाही, सूज नाही. ती थोड्या वेळाने रडायची थांबली, पण डावा हात किंचित वाकवून पोटाशी धरून बसली. बिस्किट पुढे केलं तर उजव्या हाताने घेतलं. डाव्या हातात द्यायला गेले तर हात उचलेचना.

"काही नाही झालं, नाटक करून राहिली," निलेश म्हणाला आणि बामची बाटली घेऊन आला. हात चोळायला तो वाकला तशी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहणारी माझी सासू येऊन मध्ये उभी राहिली.

"हात नको लावू तिले."

सासूबाई आमच्या घरात कधी वरच्या आवाजात बोलल्या नव्हत्या. त्याने त्यांना ढकललं. त्या दाराच्या चौकटीवर आदळल्या, पण परत येऊन तिथेच उभ्या राहिल्या.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. "लचक भरली असन वं, मी चोळून देतो." मी नको म्हटलं. ओवी कोणाला हात लावू देत नव्हती, म्हणूनच. पण तेच बरोबर होतं, हे नंतर कळलं. अशा वेळी तेल लावू नका, चोळू नका, हात ओढून सरळ करायला जाऊ नका. मुलाने हात जसा धरला असेल तसाच ओढणीने गळ्यात बांधा आणि दवाखाना गाठा. मी तेवढंच केलं.

सासूबाई न विचारता ऑटोत येऊन बसल्या. निलेश मोटारसायकलवर मागून आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पडली म्हणून सांगजो. नाही तर घरी पाहतो तुले."

म्हणून मी पडली म्हणाले. मॅडमनी परत विचारलं तेव्हा मी खाली पाहत राहिले.

"पडली नाही जी," सासूबाई म्हणाल्या. "माया पोरानं वढली. मी पाह्यलं. हिले बी मारलं त्यानं, डोकं पाहा हिचं."

"आई, चूप बस," निलेश पुढे आला. त्याने आईचा खांदा पकडून तिला खुर्चीतून खेचलं. मध्ये आलेल्या स्टुलाला लाथ घातली. औजारांचा ट्रे खाली पडला, आणि ओवीने माझ्या छातीत तोंड खुपसलं. सिस्टरने बेल दाबली. दोन गार्ड आले. तो त्यांनाही आवरत नव्हता, एकाचा शर्ट त्याने टरकावला. शेवटी त्याला बाहेर काढून दाराला कडी लावली. तो बाहेरून दारावर मुठी मारत होता, शिव्या देत होता, आपल्या आईलाही.

दार हादरत होतं आणि मॅडम ओवीसमोर गुडघ्यावर बसल्या. एका हाताने कोपर धरला, दुसऱ्याने मनगट हळूच आत वळवलं. पुन्हा तसाच बारीक आवाज. ओवी एकदा जोरात रडली. थोड्या वेळाने तिने डाव्या हाताने मॅडमचा स्टेथोस्कोप पकडला.

"बघा, बसलं," मॅडम म्हणाल्या. "एक्स-रेची गरज नाही. सूज असती किंवा हात वाकडा दिसला असता तर काढला असता, मग फ्रॅक्चरची शंका असते. पाच वर्षांची होईपर्यंत हे पुन्हा होऊ शकतं. उचलताना काखेत धरा, हाताला लोंबकळू देऊ नका. आणि हे घरी बसवायला जाऊ नका."

मग माझं डोकं तपासलं. म्हणाल्या, "मला पोलिसांना कळवावं लागेल. लेकराला इजा झाली आहे. तुम्ही आज कुठे जाणार?"

सासूबाईच म्हणाल्या, "मौद्याले. हिच्या मायकडे."

पोलीस येऊन निलेशला घेऊन गेले. मग आम्ही बाहेरच्या बाकावर माझ्या भावाची वाट पाहत बसलो. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही कशा काय बोललात?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. त्यांचा कोपर पूर्ण सरळ होत नाही. तरुणपणी विहिरीवर पाय घसरला होता, असं घरात सगळे सांगायचे.

"विहिरीवर मी कधी पडलीच नाही," त्या म्हणाल्या. "याच्या बापानं लाकडानं मारलं होतं. डाक्टरनं विचारलं तं माया सासूनं सांगतलं, पडली म्हणून. मी बी मान हलवली. हा पोरगा तवा माया मांडीवर होता."

मी त्यांचा तो हात नुसता धरून बसले.

भाऊ आल्यावर मी म्हटलं, "तुम्हीही चला. तो सुटून आला तर तुम्हाला सोडणार नाही."

"घर माया नावावर हाये. मी काहून निघू? तो निघन."

आणि तसंच झालं, पण सहजासहजी नाही. सुटून आल्यावर त्याने घरातला टीव्ही फोडला, देवघर उलथवलं. सासूबाईंनी शेजाऱ्यांना बोलावून त्याचे कपडे पायरीवर ठेवले. आता तो बुटीबोरीत खोली घेऊन राहतो. मी आणि ओवी मौद्यालाच राहिलो, तिथेही तो एकदा दारू पिऊन आला होता, आमच्या खिडकीवर दगड मारले. काच ओवीच्या अंथरुणापर्यंत उडाली. आम्ही त्याचीही तक्रार दिली. केस चालू आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

ओवीचा हात उत्तम आहे. ती त्याच हाताने भिंती रंगवते. मॅडमचे आभार मानायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आजीचे माना." ते मी मानतेच. सासूबाई सवड मिळेल तशा येतात, नातीला मांडीवर घेऊन भरवतात.

हाताचं दुखणं मिनिटात गेलं. भीती जायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला कुठे काही वाजलं की ओवी पलंगाखाली शिरायची. मीही दचकायचे, फक्त माझं कोणाला दिसायचं नाही. परवा आम्ही जेवत होतो आणि मागचं दार धाडकन आपटलं. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

ओवीने माझ्याकडे पाहिलं. "वारा आहे, मम्मी," ती म्हणाली, आणि वरणात पोळी बुडवून खात राहिली.