खांबावरचं नाव

एका खांबावरच्या रंगाच्या तक्रारीतून सुरू झालेली ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. वडील नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि पुढे मी इथल्याच पोलिसात भरती झालो. पुण्याचे नातेवाईक अजूनही विचारतात, तुमच्या त्या चकचकीत गावात गुन्हे तरी होतात का? होतात. खांब खरवडण्याचेही होतात.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. जुन्या दुकानघरांची एक रांग दुरुस्तीला काढली होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, शेजाऱ्याशी मिळून एकच भिंत, अशी ही घरं. वरचा मजला रस्त्याकडे पुढे आलेला, त्याच्याखाली पायी जाणाऱ्यांसाठी सावलीची वाट आणि वाटेच्या कडेला खांब. या खांबांवर दुकानाचं नाव चुन्यात कोरलेलं असे. नव्या मालकाने ती अक्षरं बुजवून सगळे खांब एकसारखे रंगवून घेतले होते. एका खांबाचा रंग मात्र कोणीतरी पुन्हा पुन्हा खरवडत होतं आणि दुकानाचं नाव परत वर येत होतं.

मालकाने रीतसर तक्रार नोंदवली. इथे मालमत्तेची नासधूस हा गंभीर गुन्हा, तुरुंगवासही होऊ शकतो. माझा संशय रिकामटेकड्या पोरांवर होता. समोरच्या कॉफीवाल्याने मला बाजूला घेतलं आणि रंगारी हॉकर सेंटरला जेवायला गेले की हा प्रकार होतो, एवढं सांगितलं. कोण करतं, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. "येऊन बघा, ला," तो इथल्या बोलण्यातलं नेहमीचं शेपूट लावत म्हणाला, "पण आरडाओरडा करू नका."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीतल्या गोल लोखंडी जिन्याने रिकाम्या घरात वर चढलो. अशा घरांत पुढच्या खोलीच्या जमिनीच्या फळ्यांमध्ये तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा सुटा असतो. तो उचलला की खाली दारात कोण उभं आहे ते दिसतं. पाळत ठेवायला याहून चांगली जागा कुठली? नाकात धूळ जात होती, गुडघे कुरकुरत होते, आणि मी जमिनीवर पालथा पडून भोकाला डोळा लावला होता.

आली ती सत्तरीची एक बाई. पांढऱ्या केसांचा अंबाडा, हातात स्वयंपाकघरातला चमचा. तिने खांब खरवडला, मागे सरकून नाव नीट दिसतं का ते पाहिलं. मग दारापाशी आली, दारावर हात ठेवला आणि मान वर करून थेट त्या भोकाकडे पाहिलं. तिला माझा डोळा दिसला.

"आलास?" तिने मलाय भाषेत हळूच विचारलं.

मी खाली उतरलो. दारात माझा गणवेश पाहून तिचा चेहरा असा उतरला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण तिला ताब्यात घेणं भाग होतं.

ठाण्यात तिने जबाब द्यायचं नाकारलं. नाव, पत्ता सांगितला, पुढे काही नाही. चोर गप्प बसतो तेव्हा त्याची नजर फिरत असते. हिची नजर टेबलावर स्थिर होती. शेवटी मी ठरलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, "आंटी, वर कोण आहे असं वाटलं तुम्हाला?"

"माझा मुलगा," ती म्हणाली आणि रडू लागली.

ते दुकान तिच्या नवऱ्याचं होतं. बापाशी भांडून मुलगा जहाजावर कामाला गेला, तो परतला नाही. नवरा वारला, घर रिकामं करावं लागलं आणि ती मुलीकडे वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मुलाला हा नवा पत्ता ठाऊक नव्हता. सगळे खांब एकसारखे झाले, तर त्याने आपलं घर ओळखायचं कसं?

मी वरिष्ठांशी बोललो, मालकाची समजूत काढली. त्याने तक्रार मागे घेतली, पण खांब सारखेच दिसले पाहिजेत, यावर तो अडून बसला. ताकीद देऊन प्रकरण मिटलं. मी खुशीत येऊन तिला सांगितलं की आता कोर्ट नाही, काही नाही, तुम्ही घरी जा.

ती उठलीच नाही. "म्हणजे पेपरात येणार नाही?" तिने विचारलं. "माझं नाव, मी कुठे राहते ते? त्याने कुठेतरी वाचलं असतं."

माणसाला सोडून दिलं की त्याचं भलं झालं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या बाईला सोडताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून समोरच्याला काय हवं आहे, हे मी आधी विचारू लागलो. दर वेळी ते देता आलं असं नाही.

आता मी निवृत्त होऊन बुकित बातोकला राहतो. त्या रांगेवरून गेलो की थोडा वेळ थांबतो. एखादा उतारवयाचा माणूस एकसारख्या दारांसमोर घुटमळताना दिसला, तर जवळ जाऊन विचारतो. वुडलँड्सचा तो पत्ता मला पाठ आहे.