गेणभाऊंच्या आवाजाचा राखणदार

अवसरी खुर्दचा बुद्धभूषण दिसला की माणसं म्हणत्यात, आला कान झाकलेला. म्हणू देत. दुसऱ्याला नावं ठेवण्यापरीस दुसरं काम काय हाय त्यास्नी! त्या पोराचे उपकार मी जन्मात इसरणार न्हाई, आन् हे मी चारचौघांत सांगते.

भूषण शूटिंगवाल्यांचा आवाज रेकॉर्ड करतो. आधी पुण्यात मालिकांवर व्हता, मग बापाचं गुडघं गेलं तवा गावी आला. आता लग्नं, कीर्तनं, शेतीच्या फिल्मा, जे येईल ते करतो. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरची पिशवी पोटाशी बांधतो, लेकुरवाळीनं पोर बांधावं तशी, आन् कानावर ह्यो मोठा हेडफोन. माइकात जे शिरतंय ते सगळं त्याला तिथं ऐकू येतं. आळेफाट्याच्या एका लग्नात बांगड्यांच्या आवाजानं मंगलाष्टकं बिघडत्यात म्हणून त्यानं नवरीलाच हात गप धरायला लावला. तिच्या मामानं लई शिव्या घातल्या, पण पठ्ठ्या हलला न्हाई.

आमचे मालक गेणभाऊ बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलायचे. कुणाची बारी आली, कुणाचा गाडा सुटला, घड्याळात किती सेकंद बसले, ते ह्यांच्या तोंडून ऐकायला माणसं घाटात, म्हंजी गाडे पळायच्या चढावर, उन्हातान्हात बसायची. औंदा घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनात आवाजाची पेटीच काढावी लागंल, जीव वाचंल पण आवाज जाईल. मला जीव वाचतोय ह्यातच सगळं आलं. ह्यांनी मात्र जेवण सोडलं. दुधाची तहान ताकावर, म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं, तर ह्यांचा आवाज चढला की नुसती खरखर. मग आमच्या लेकीनं, श्रेयानं, भूषणला बोलावलं.

घरात बसून ह्यांना बोलताच येईना. हयात घाटात गेलेली, पंख्याखाली काय सुचणार? भूषण म्हणाला, घाटातच जाऊ. हंगाम संपलेला, घाट मोकळा व्हता. त्यानं वाऱ्याचा आवाज नको म्हणून माइकला केसाळ टोपडं चढवलं, हेडफोन लावला आन् ह्यांना खूण केली. काय सांगू राव, ह्यांनी अशी ललकारी दिली की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणलं, झालं, सोनं झालं.

भूषण म्हणाला, पुन्हा.

माझं डोस्कंच फिरलं. आजारी माणूस, घसा सुजलेला, आन् ह्याला आपल्या यंत्राचं पडलंय! लई बोलले मी त्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मावशी, आवाज चढला की फाटतोय. इथं उभं राहून कळत न्हाई, हेडफोनात कळतंय. फाटका आवाज जन्मभर जपणार का?"

मी पाण्याची बाटली ह्यांच्या हातात दिली. त्यानं मिक्सरचं बटण जरासं खाली फिरवलं, हे दोन घोट पाणी प्याले आन् पुन्हा उभे राहिले. ह्या खेपेला भूषणनं मान डोलावली. मी पाण्याची बाटली घेऊन गाडीकडं निघाले. वळून बघते तर हे खाली मान घालून कायतरी पुटपुटत व्हते, आन् भूषण हात वर करून उभा, मी पाऊल वाजवू नये म्हणून. मला वाटलं, अजून काय राहिलं ह्याचं.

ऑपरेशन झालं, हे वाचले. आता काय हवं नको ते पाटीवर लिहून दाखवत्यात. महिन्याभरानं भूषण आला. सगळं रेकॉर्डिंग श्रेयाला दिलं, पण म्हणाला, शेवटचं तेवढं आधी मावशींनी ऐकायचं. आन् आपला हेडफोन त्यानं माझ्या कानावर बसवला.

आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारीत न्हाई. लग्नापासून "अगं" आन् "ऐकलं का" ह्यावरच माझा संसार झाला. हेडफोनात आधी नुसता वारा आला, मग ह्यांचा आवाज, अगदी कानाशी, हळू.

"आता बारी द्रौपदाची. मंडळी, ह्या बारीला घड्याळ लावू नका. हळू येऊ द्या, पण माझ्यासंगं येऊ द्या."

द्रौपदा म्हंजी मीच. हे समोर पलंगावर बसले व्हते, गळ्याला पट्टी, माझ्या तोंडाकडं बघत. माझं डोळं वाहत व्हतं, पण मी हेडफोन काढला न्हाई. ह्यांच्याकडं बघून मोठ्यानं "ओ" दिली.