उलट्या छत्रीची बाई

आमच्या आगर गावच्या खाडीवर ती बाई दर रविवारी येते. डहाणूच्या कॉलेजात शिकवते म्हणे. झुडपाखाली छत्री उलटी धरते, काठीने फांदी झोडपते आणि छत्रीत पडलेले किडे बघून पोरीसारखी ओरडते, "मावशी, या, या, या!" सगळं तीनदा बोलते. डोकं उठतं.

बोंबील सुकवायच्या आधी आम्ही काठावरचं गवत जाळून जागा मोकळी करतो. गेल्या वर्षी मी काडी ओढणार, तोच ती धावत आली.

"थांबा, थांबा, थांबा! आत केवढे जीव आहेत!"

"मग माझे बोंबील काय तुझ्या छत्रीत सुकवू?"

ती गवतात गुडघ्यांवर बसली. किडे छत्रीत झटकून खाडीतल्या तिवरांच्या झाडांत सोडायला लागली. मी वाकून बघितलं. हिरवे, तांबडे, एक तर घासलेल्या पितळेसारखा! जन्म इथे गेला, पण हे कधी दिसलंच नव्हतं. "अगं, तो बघ, उडाला!" मीच ओरडले.

काडेपेटी कमरेला खोचली आणि विळा आणला. गवत कापून कंबर मोडली.

"पुढच्या वर्षी तू कापायचंस," मी तिला बजावलं.

यंदा ती खरंच विळा घेऊन आली. तोही उलटाच धरला होता.