लाकूड न चोरलेली गिटार

गिटारच्या पोटात काय असतं, हे मी पहिल्यांदा बाबांच्या दाढीच्या आरशात पाहिलं. तळहाताएवढा आरसा गोल भोकातून तिरका आत घालायचा, बॅटरीचा उजेड पाडायचा आणि मान वाकडी करून डोकवायचं. मला आधी नुसती धूळ दिसली, मग आडव्यातिडव्या लाकडी पट्ट्या. मी आरसा बाबांकडे दिला, तर ते इतका वेळ डोकावत राहिले की बॅटरी धरून माझा हात भरून आला.

"ही उलटी होरी हाय," शेवटी ते म्हणाले. होरी म्हणजे होडी. "आत बरगड्या हायेत. पन लई बारीक."

ते एवढं बोलले याचंच मला अप्रूप वाटलं. आमचं घर बाळकुमला, खाडीच्या अंगाला. बाबा खाडीत मासळी मारायचे ते स्वतः बांधलेल्या होडीतून. पुढे खाडीच्या पाण्याला रंग यायला लागला, जाळ्यात कोळंबीऐवजी फेस यायला लागला. मी शाळेत असताना एक दिवस त्यांनी होडी मोडली, तिच्या सागाच्या फळ्या घराच्या माळ्यावर रचल्या, हत्यारं गोणपाटात बांधून त्यावर ठेवली आणि ते एका कारखान्याच्या गोदामावर राखणीला लागले. आता खाडीकडे बघणार नाही, असं त्या दिवशी म्हणाले होते. तेव्हापासून नाक्यावर जायलासुद्धा ते मागच्या लांबच्या गल्लीने जात. बोलले म्हणजे बोलले, असा त्यांचा खाक्या होता. घरात मात्र दिवसेंदिवस शब्द काढायचे नाहीत.

ही गिटार माझ्या कॉलेजातल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या आजोबांची. लग्नांत वाजवून वाजवून तिचा रंग पोटावर उडालेला. बारीक कमरेची, जुन्या घडणीची, लहानखुरी. मैत्रिणीने मला दोन-तीन सूर धरायला शिकवले होते आणि दिवाळीच्या सुट्टीपुरती ती घरी नेऊ दिली होती. मला तशीच एक हवी होती. दुकानातली घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मी नुसतं बोलून दाखवलं. बाबांनी जेवता जेवता विचारलं, "लाकूरच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी गोणपाट खाली आलं, आणि त्यामागून एक फळी.

आई हादरली. त्या फळ्यांवर तिने कधी कुणाला ओले कपडेही वाळत घालू दिले नव्हते. "होरीची फली ती. खेलन्यापायी कापताव?" ती म्हणाली. बाबा फळीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "वाजली तं वाजली. नाय वाजली तं र्‍हायलेल्या फल्या पन बंबात घाल. उगाच डोक्यावर कशाला ठेवाच्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. पाणी तापवायच्या बंबात होडी जाळायची, हे ते चिडून बोलले नव्हते, आणि तीच खरी धास्ती होती.

पुढचे दिवस मात्र मी मजेत होते, खोटं कशाला सांगू. मला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल. वर्तमानपत्रावर गिटार पालथी ठेवून तिचा आकार काढला. वखारीतून फळी चिरून आणली. बाजूच्या पट्ट्या वाकवायच्या कशा, हा प्रश्न बाबांना पडलाच नाही. होडीची फळी वाकवताना खाली जाळ करतात आणि वरून ओल्या गोणपाटाने पाणी देत राहतात. इथे स्टोव्हवर एक लोखंडी पाइप तापवला आणि भिजवलेली पट्टी त्यावर दाबत दाबत नेली. लाकूड आधी हटून बसलं, मग एकदम त्यांच्या हातात नरम झालं. ते नेमकं कधी नरम होतं, हे कसं कळतं, असं मी विचारलं. "मना नाय ठाव. हाताला कलते," म्हणाले. माझं समाधान झालं नाही, म्हणून मीही एक पट्टी वाकवून बघितली आणि मोडली.

वरच्या पोटासाठी त्यांनी गोदामातून एक फुटकं खोकं मागून आणलं. परदेशातून मशीन आलेलं, देवदाराच्या फळ्यांचं. चिकटवायला सरस शिजवला तेव्हा शेजारच्या काकू नाकाला पदर लावून विचारून गेल्या, काय मेलंय म्हणून. पाठीला आतून बाबांनी मुशी माशाचं तेल चोळलं. होडीला चोळतात तेच, त्याचा वास सरसालाही मागे टाकणारा. "गिटार काय पान्यात जानार हाय?" मी विचारलं. "पावसाल्यात हवेलाच पानी असते," ते म्हणाले.

पोटाच्या जाडीपाशी ते अडले. आजोबांच्या गिटारच्या भोकाची कड बोटांत धरून त्यांनी पाहिली. वहीच्या पुठ्ठ्याइतकी जाड, जास्त नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही बांधनाऱ्यानं लाकूर चोरलंय," ते म्हणाले.

होडी बांधणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. जो लाकूड चोरतो, म्हणजे फळी हवी त्याहून पातळ ठेवतो, तो दुसऱ्याच्या पोराला बुडवतो. "माज्या पोरीच्या वस्तूत मी लाकूर चोरनार नाय," म्हणून त्यांनी पोट ठेवलं शाळेच्या पाटीच्या चौकटीइतकं जाड, आणि आत बरगड्या घातल्या त्या बोटभर. मला ते फार आवडलं. माझे बाबा माझ्यासाठी भक्कम वस्तू करत होते, त्यात वाईट काय वाटणार?

तारा, खुंट्या आणि पट्टीवरच्या पितळी दांड्या तेवढ्या विकत आणल्या. आईने गिटारला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. मी तार छेडली.

टब्.

दुसरी छेडली. तीही टब्. पाटावर टिचकी मारावी तसा आवाज, आणि लगेच विझलेला. मी आजोबांची गिटार वाजवली, ती घरभर घुमली. बाबा हात धुऊन आले आणि त्यांनी माळ्याला शिडी लावली.

मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. एवढी सुंदर वस्तू मुकी का, हे कळल्याशिवाय होडी जाळायची? "सुट्टी संपेपर्यंत थांबा," मी म्हटलं. "ती गिटार परत जाईपर्यंत." ते शिडीवरून उतरले. शिडी मात्र तिथेच राहिली.

मी दोन्ही गिटारी चटईवर शेजारी ठेवल्या. आजोबांच्या गिटारवर बोटाने ठोकलं, पोटातून हुंकार आला. आमच्या गिटारवर ठोकलं, दारावर ठोकल्यासारखं वाजलं. मग मी अंगठ्याने दाबून पाहिलं. आजोबांची दबली. अगदी जराशी, पण दबली. आमची हललीसुद्धा नाही. मी बाबांचा अंगठा धरून आजोबांच्या गिटारवर ठेवला.

"ही दबते," ते दचकून म्हणाले. "फुटंल एक दिवस."

"इतकी वर्षं फुटली नाय ना. मोजकीच जाडी ठेवलीय. मोडनार नाय आनि हलंल, एवढीच."

ते बराच वेळ दाबत राहिले. कधी हिच्यावर, कधी तिच्यावर. मग म्हणाले, "म्हंजे चोरलं नाय. सोरलं."

पण आमच्या गिटारचं लाकूड सोडायचं, हलायला मोकळं करायचं कसं? पेटी बंद झालेली. बाहेरून रंधा मारता येत होता. आतल्या बरगड्या तासायला भोकातून हात जायला हवा, आणि बाबांचा पंजा वल्ही मारून रुंद झालेला. माझा हात गेला. मी काचेचा तुकडा घेऊन आंधळ्यासारखी आत खरवडत होते, आणि ते बाहेरून कान लावून टकटक करत सांगत होते, इथे अजून, आता तिकडे. भुसा भोकातून माझ्या मांडीवर पडत होता. प्रत्येक ढलपीमागे त्यांचा चेहरा उतरायचा. आयुष्यभर जे करायचं नाही म्हणून शिकले, तेच ते माझ्याकडून करवून घेत होते. एकदा म्हणाले, "बस कर, बाय. तारांच्या ओढीनं चेपून जाईल." मी ठोकून पाहिलं, अजून दारच वाजत होतं. मी थांबले नाही, आणि त्यांनीही थांबवलं नाही.

तारा पुन्हा चढवल्या. खुंटी पिळताना पोट किंचित वर आलं, तसे बाबा उठून उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात. मी सगळ्यात जाड तार छेडली.

ती वाजली. आजोबांच्या गिटारसारखी नाही, जरा घोगरी, पण वाजली आणि वाजत राहिली. बाबांनी पाठीच्या सागावर तळहात टेकवला आणि सूर पार विझेपर्यंत उचलला नाही.

"फली हलते," ते म्हणाले. "पान्यात हलायची तशी."

मग त्यांनी मला परत वाजवायला लावलं, आणि परत. आईने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली. मी वाजवण्यात इतकी गुंगले की बाबा कधी उठले, कळलंच नाही. शिडीचा करकर आवाज आला तसं माझं बोट तारेवर थबकलं. आईही हातात गाळणं घेऊन बाहेर आली.

माळ्यावर त्यांची पावलं वाजली. मग टक्. सरकवल्याचा आवाज, पुन्हा टक्. ते एकेका फळीवर बोट मारत होते, कान लावत होते.

"बाय," वरून हाक आली. "वर ये. ही ऐक."