दहीभाताचा डबा

कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई दमल्या की चपला काढून खुर्चीतच पाय वर घेतात. हुडको कॉलनीतून येतात, डब्यात रोज दहीभात. दुर्ग शहराबाहेर मेंढ्या आणि उंट घेऊन उतरलेल्या भटक्या राबाऱ्यांकडून त्यांनी उंटिणीचं दूध आणलं होतं. ते आंबवणारे जिवाणू कोणते, हे शोधण्यात त्यांचं वर्ष गेलं. प्लेटवर उगवलेला ठिपका काचपट्टीवर घ्यायचा, वर पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. बुडबुडे आले की तो दूध आंबवणारा, आपल्याला हवा तो जिवाणू नाही. "गेला," म्हणत त्या जांभई द्यायच्या आणि पुढची पट्टी ओढायच्या.

एकदा बुडबुडे आलेच नाहीत. आनंदानं ओरडलो तो मी. ताई मात्र उठल्या आणि दूध न घालता, नुसती पडताळणीसाठी ठेवलेली प्लेट घेऊन आल्या. तिच्यातही तसेच पांढरे ठिपके होते.

"हे उंटाचे नाई रे. माह्या डब्यातल्या दह्याचे आहेत. जेवल्या हातानं प्लेटा भरल्या मी."

"कोणाले समजते, ताई? राबारी तर निघून गेले. आता दूध कुठून आणसान?"

"मले समजून राहिलं ना."

त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटा त्यांनी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात टाकल्या, झाकण आवळलं आणि पाय वर घेऊन डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला. नुसता कोरडा भात होता. तो घशाखाली उतरेना. पाण्याचा घोट घेत घेत त्यांनी तो संपवला.